शाळा बघून घर : अमेरिकेत पहिलं घर घेणाऱ्यांसाठी

पुण्यात आधी घर असतं, मग शाळा शोधली जाते. फॉर्म कधी सुटणार याची चौकशी, पहाटेची रांग, साडेतीन वर्षांच्या पोराची ‘मुलाखत’, कुणाची ओळख निघते का याचा शोध. एकदा प्रवेश मिळाला की शाळा बारा किलोमीटरवर का असेना, व्हॅनवाले काका सोसायटीच्या गेटपर्यंत येतात. अमेरिकेत सगळं उलटं. इथल्या पब्लिक स्कूलला फी नाही, मुलाखत नाही, वशिला नाही. तुमचा पत्ता ज्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या हद्दीत पडतो, त्या डिस्ट्रिक्टला तुमचं मूल घ्यावंच लागतं. त्यामुळे आपल्याकडे शाळेच्या दारात होणारी चढाओढ इथे घराच्या किमतीत जाऊन बसली आहे.

नावाचा घोळ आधी मिटवू. भारतात ‘पब्लिक स्कूल’ म्हटलं की ब्लेझर घालून जायची महागडी खाजगी शाळा. इथे पब्लिक म्हणजे सरकारी. मुलीला पब्लिक स्कूलमध्ये घातलंय म्हटल्यावर माझ्या सासूबाईंना आनंद झाला. ती सरकारी शाळा आहे कळल्यावर त्या दोन दिवस गप्प होत्या. व्हिसाची काळजी नको. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या निकालामुळे मुलाच्या इमिग्रेशनच्या कागदांवरून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावरची मुलं ग्रीन कार्डवाल्यांच्या शेजारीच बसतात.

आम्ही न्यू जर्सीत चौदा वर्षं आहोत. पहिलं घर चुकलं, दुसरं जमलं. पुढच्या पायऱ्या त्या चुकीतून आणि नंतर ओळखीपाळखीच्या लोकांसोबत घरं बघत हिंडण्यातून जमल्या आहेत. जिथे मला शिकायला जास्त लागलं तिथे मी जास्त रेंगाळणार आहे.

पायरी १ : घर घ्यायलाच हवं का, हे ठरवा

नवीन माणसाला कुणी सांगत नाही अशी गोष्ट : शाळेला तुम्ही मालक आहात की भाडेकरू याच्याशी काहीही देणंघेणं नसतं. सात लाख डॉलरच्या घरातलं मूल आणि रस्त्यापलीकडच्या अपार्टमेंटमधलं मूल एकाच बसमधून एकाच शाळेत जातं. न्यू जर्सीतलं प्लेन्सबरो, एडिसन किंवा कॅलिफोर्नियातलं कुपर्टिनो इथली अपार्टमेंट्स आपल्या लोकांनी का भरलेली असतात, त्याचं मोठं कारण हेच.

म्हणून नव्या गावात निदान एक वर्ष, जमलं तर दोन, त्याच डिस्ट्रिक्टमध्ये भाड्याने राहा. शाळा आतून कळते, हिवाळ्यात ऑफिसला जायला किती वेळ लागतो ते कळतं, आणि मुख्य म्हणजे आपलं मूल तिथे रमतं का ते कळतं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर आणखी एक हिशेब मांडा. नोकरी गेली तर दुसरी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. तेवढ्यात घर विकून होत नाही. भाड्याचा करार मात्र थोडा भुर्दंड भरून मोडता येतो. घर घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण ‘शाळेसाठी घर घ्यावंच लागतं’ हे एकमेव कारण असेल, तर ते कारण मुळात खरं नाही.

पायरी २ : तुमच्या राज्यात डिस्ट्रिक्ट कसे पाडलेत ते समजून घ्या

डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. स्कूल डिस्ट्रिक्ट हा शाळांचा स्वतंत्र कारभार असतो. त्याचं निवडून आलेलं बोर्ड, त्याचा सुपरिंटेंडंट (मुख्य अधिकारी), त्याचं बजेट आणि बहुतेक ठिकाणी त्याचा स्वतःचा कर. देशभरात असे सुमारे १३ हजार डिस्ट्रिक्ट आहेत आणि प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी.

न्यू जर्सी हे आपल्या नाशिक विभागापेक्षाही लहान राज्य, पण त्यात जवळजवळ सहाशे डिस्ट्रिक्ट. गावागणिक एक. काही गावांचं हायस्कूलच नसतं. क्रॅनबरीची मुलं आठवीपर्यंत गावात शिकतात आणि नववीपासून प्रिन्स्टन हायस्कूलला जातात. व्हर्जिनिया, मेरीलँड, फ्लोरिडा इथे अख्ख्या काउंटीचा (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा) एकच डिस्ट्रिक्ट असतो. तिथे ‘फेअरफॅक्स काउंटी चांगली’ या वाक्याला फारसा अर्थ नाही, कारण एका काउंटीत सगळ्या प्रकारच्या शाळा सापडतात. टेक्सासमध्ये आयएसडी म्हणजे इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट. ते शहराच्या हद्दी मानतच नाहीत. कॅलिफोर्नियात बऱ्याच ठिकाणी आठवीपर्यंतचा डिस्ट्रिक्ट वेगळा आणि हायस्कूलचा वेगळा. म्हणजे एका घरासाठी दोन डिस्ट्रिक्ट तपासायचे, आणि करही दोघांचा.

पायरी ३ : पत्ता तपासा, मग पुन्हा तपासा

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. आम्हीही फसलो.

टपालाचा पत्ता आणि शाळेची हद्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ०८५४० हा प्रिन्स्टनचा झिप कोड. पण पत्त्यात ‘प्रिन्स्टन’ लिहिलेली कितीतरी घरं प्रत्यक्षात वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक, लॉरेन्स किंवा माँटगोमेरी या टाउनशिपमध्ये, म्हणजे वेगळ्या गावांत येतात. कर त्या टाउनशिपचा, शाळाही त्या टाउनशिपची. त्यातल्या काही शाळा उत्तम आहेत. पण तुम्ही प्रिन्स्टनच्या शाळेचे पैसे मोजत असाल, तर मिळते आहे ती शाळा कोणती हे आधी कळायला हवं.

टेक्सासमधल्या फ्रिस्को शहरातली सगळी घरं फ्रिस्को आयएसडीत नाहीत. काही प्रॉस्परमध्ये जातात, काही लुइसव्हिलमध्ये, काही लिटल एल्ममध्ये. उलट शेजारच्या प्लेनो शहरातली काही घरं फ्रिस्को आयएसडीत येतात. शिकागोजवळच्या नेपरव्हिलचे मुख्यतः दोन तुकडे आहेत, डिस्ट्रिक्ट २०३ आणि डिस्ट्रिक्ट २०४. तिथे राहणाऱ्यांना गावाचं नाव सांगितलंत की पुढचा प्रश्न ‘टू ओ थ्री की टू ओ फोर?’ हाच येतो. सगळ्यात गमतीदार घोळ सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात. फ्रिमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्टचा फ्रिमाँट शहराशी काही संबंध नाही. तो खाडीच्या पलीकडे कुपर्टिनो-सनीव्हेलमध्ये आहे, आणि त्याचं लिनब्रुक हायस्कूल तर सॅन होजेत. फ्रिमाँट शहराचा डिस्ट्रिक्ट वेगळा, त्याचं नाव फ्रिमाँट युनिफाइड. पुण्याहून नुकत्याच आलेल्या माणसाने या दोघांत घोटाळा केला तर त्याला हसू नये.

डिस्ट्रिक्ट बरोबर असला तरी काम संपत नाही. डिस्ट्रिक्टच्या पोटात प्रत्येक शाळेचा अटेंडन्स झोन असतो. एडिसन टाउनशिप एकच, पण हायस्कूलं दोन : जे. पी. स्टीव्हन्स आणि एडिसन हायस्कूल. तुमचा रस्ता कुठे येतो त्यावर एलिमेंटरी, मिडल आणि हायस्कूल तिन्ही ठरतात. कधी कधी रेषा रस्त्याच्या मधून जाते आणि समोरासमोरच्या घरांतली मुलं वेगवेगळ्या शाळेत जातात.

मग तपासायचं कसं?

झिलो, रेडफिन अशा घरांच्या साइटवर किंवा लिस्टिंगवर (घराच्या जाहिरातीत) जी शाळा दिसते ती फक्त सुरुवातीसाठी धरा. त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की शाळेची खात्री खरेदीदाराने स्वतः करावी. पुढे काही वाद झाला तर तेवढंच वाक्य तुमच्यासमोर ठेवलं जातं. मग डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर जाऊन ‘स्कूल लोकेटर’ शोधा आणि घर क्रमांकासकट पूर्ण पत्ता टाका. शेवटी डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रेशन ऑफिसला ईमेल करा : “या पत्त्यावर राहणाऱ्या मुलाला येत्या वर्षी बालवाडी, सहावी आणि नववीसाठी कोणती शाळा मिळेल? या भागाच्या हद्दी बदलायचा काही प्रस्ताव आहे का?” उत्तर लेखी आलं पाहिजे. फोनवर मिळालेलं उत्तर नंतर कुणाला आठवत नाही.

आमची चूक इथेच झाली. एजंटने सांगितलेली शाळा आणि लिस्टिंगवरची शाळा एकच होती, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. दोघांनी एकाच जुन्या नकाशावरून माहिती घेतली होती. हद्द त्याच्या आदल्या वर्षी सरकली होती. आम्हाला ते कळलं मुलीचं नाव नोंदवायला गेल्यावर, खिडकीपलीकडच्या बाईंकडून.

नवी वस्ती असेल तर हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलिनात दरवर्षी नव्या कॉलन्या उभ्या राहतात, नव्या शाळा उघडतात आणि त्यांच्यासाठी जुन्या झोनचे तुकडे काढले जातात. कॅरी, मॉरिसव्हिल, अ‍ॅपेक्स हा आपल्या लोकांचा आवडता पट्टा नॉर्थ कॅरोलिनाच्या वेक काउंटीत आहे. तिथे एक वेगळीच अडचण : शाळा भरली की तिच्यावर ‘कॅप’ लागते. कॅप असताना तुम्ही त्या झोनमध्ये राहायला गेलात, तर तुमच्या मुलाला दूरच्या ‘ओव्हरफ्लो’ शाळेत पाठवलं जाऊ शकतं. शिवाय तिथल्या काही शाळा वर्षभर वेगवेगळ्या ट्रॅकवर चालतात. सुट्ट्या उन्हाळ्यात एकगठ्ठा मिळत नाहीत, मग भारतवारीचं तिकीट त्या हिशेबाने काढावं लागतं. बिल्डरच्या सेल्स ऑफिसात “ही जागा शाळेसाठीच राखून ठेवलीय” असं सांगतात. डिस्ट्रिक्टने शाळेसाठी पैसा मंजूर केलाय का, हे बोर्डाच्या बैठकीच्या कागदांत बघा.

दुसऱ्याच्या पत्त्यावर मुलाचं नाव घालायची युक्ती कुणीतरी सांगेलच. करू नका. डिस्ट्रिक्ट चौकशी करतात, सकाळी घरी माणूस पाठवतात, आणि न्यू जर्सीत तर बोर्ड मागच्या दिवसांची फी वसूल करू शकतं.

पायरी ४ : रेटिंग वाचायला शिका

लिस्टिंगवर दिसणारा १ ते १० चा आकडा ग्रेटस्कूल्स या संस्थेचा असतो. निश ही वेबसाइट ए-प्लस, बी-मायनस अशी अक्षरं देते. आपल्या लोकांत घराची चर्चा “नाईन-नाईन-टेन आहे” अशी होते, म्हणजे एलिमेंटरी नऊ, मिडल नऊ, हायस्कूल दहा. एकदा एका गृहस्थांनी ‘एट’ म्हणताना आवाज इतका खाली आणला की मला वाटलं घरात काही आजारपण आहे.

हा आकडा मुख्यतः राज्याच्या परीक्षेतल्या गुणांवर उभा असतो. आणि परीक्षेतले सरासरी गुण आईवडिलांच्या उत्पन्नाशी आणि शिक्षणाशी घट्ट बांधलेले असतात. ज्या शाळेतली अर्धी मुलं संध्याकाळी कुमॉनच्या शिकवणीला आणि शनिवारी गणिताच्या क्लासला जातात, त्या शाळेचे गुण चांगलेच येणार. त्यात शाळेने किती शिकवलं आणि क्लासने किती, हे नऊचा आकडा सांगत नाही.

बघायचं ते ‘ग्रोथ’. मूल तिसरीत जिथे होतं तिथून पाचवीपर्यंत किती पुढे गेलं? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एज्युकेशनल अपॉर्च्युनिटी प्रोजेक्टने देशभरातल्या डिस्ट्रिक्टांची ही माहिती नकाशावर मांडली आहे आणि ती फुकट बघता येते. तिथे सरासरी गुण वेगळे आणि वर्षागणिक शिकण्याचा वेग वेगळा दिसतो. गुणांचा श्रीमंतीशी दाट संबंध आहे, शिकण्याच्या वेगाचा मात्र बराच कमी. म्हणजे मध्यम उत्पन्नाच्या गावातल्या शाळा मुलांना झपाट्याने पुढे नेतात आणि गाजलेल्या शाळा नुसत्या जागेवर टिकून असतात, असंही सापडतं.

प्रत्येक राज्याला शाळांचं रिपोर्ट कार्ड प्रसिद्ध करावं लागतं. न्यू जर्सीच्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये ‘स्टुडंट ग्रोथ पर्सेंटाइल’ शोधा. साधारण ४० ते ६० म्हणजे ठीक, ६० च्या वर म्हणजे मुलं अपेक्षेपेक्षा पुढे जातायत. टेक्सास शाळांना ए ते एफ अशी श्रेणी देतं. कॅलिफोर्नियाच्या डॅशबोर्डवर रंग असतात, निळा सगळ्यात वरचा आणि लाल सगळ्यात खालचा. यातला कोणताही आकडा एका वर्षाचा घेऊ नका, तीन-चार वर्षांचे शेजारी ठेवून बघा.

मग या आकड्यासाठी आपण किती जास्त मोजतो? सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ मध्ये बॉस्टनच्या उपनगरांत एक छान युक्ती वापरून हे मोजलं. डिस्ट्रिक्ट एकच, वस्ती एकच, फक्त प्राथमिक शाळेच्या हद्दीची रेषा मधून जाते, अशी अलीकडची-पलीकडची घरं त्यांनी ताडून पाहिली. परीक्षेच्या गुणांत ५ टक्के वाढ असेल तर पालक घरासाठी सुमारे अडीच टक्के जास्त मोजत होते. हा एका हद्दीच्या आतला फरक झाला. डिस्ट्रिक्ट बदलला की किमतीची उडी किती मोठी असते, हे कुठल्याही दोन शेजारच्या गावांच्या लिस्टिंगा उघडून रविवारी दुपारी बघता येईल.

माझं मत सरळ आहे. सात-आठच्या शाळेत ग्रोथ चांगली असेल, शिक्षक टिकून असतील आणि हायस्कूलला एपीचे (कॉलेजच्या पातळीचे) पुरेसे विषय असतील, तर दहाच्या शाळेसाठी गळ्यापर्यंत कर्ज काढण्यात मला अर्थ दिसत नाही.

पायरी ५ : दहाच्या शाळेत दहावा नंबर

याला वेगळी पायरी दिली, कारण आपल्या घरांत हा विषय निघत नाही.

टेक्सासमध्ये १९९७ पासून कायदा आहे की हायस्कूलच्या वर्गातल्या वरच्या १० टक्के मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश. ऑस्टिनच्या विद्यापीठात ही रेषा आणखी वर आहे. २०२६ च्या प्रवेशांपासून ती वरच्या ५ टक्क्यांवर आली. आता विचार करा : ज्या हायस्कूलमध्ये प्रत्येक दुसरं मूल इंजिनिअरचं आहे, तिथे वरच्या ५ टक्क्यांत यायला काय लागेल? तेच मूल दहा मैलांवरच्या साध्या शाळेत सहज येऊ शकतं. कॅलिफोर्नियातही आपल्या हायस्कूलच्या वरच्या ९ टक्क्यांत असलेल्या मुलाला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या जागा शिल्लक असलेल्या एखाद्या कॅम्पसमध्ये जागेची हमी असते.

आणि ताणाचं काय? वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो हा न्यू जर्सीतला आपल्या लोकांचा लाडका डिस्ट्रिक्ट. २०१५ मध्ये तिथल्या सुपरिंटेंडंटनी मुलांवरच्या दडपणाबद्दल पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल परीक्षा बंद झाल्या, प्राथमिकमधल्या पुढच्या इयत्तेच्या गणिताच्या वर्गांना कात्री लागली. पालकांत उभे दोन तट पडले आणि आपले बरेच जण ‘शाळेचा दर्जा घसरवताय’ म्हणणाऱ्या तटात होते. कोण बरोबर याचा निवाडा इथे करत नाही. घर घेण्याआधी मात्र नवराबायकोने एकमेकांना विचारावं की या वादात आपण कुठल्या बाजूला बसलो असतो. उत्तरं वेगळी आली तर ती गाव ठरवायच्या आधी आलेली बरी.

पायरी ६ : महिन्याचा हिशेब

पब्लिक स्कूलचा पैसा ढोबळमानाने निम्म्याच्या आसपास राज्याकडून, तेवढाच स्थानिक पातळीवरून आणि थोडासा केंद्राकडून येतो. स्थानिक म्हणजे बहुतांशी प्रॉपर्टी टॅक्स. शाळेला फी नसते म्हणतात ती अशी नसते.

न्यू जर्सीत सरासरी घराचा वर्षाचा प्रॉपर्टी टॅक्स २०२४ मध्ये १० हजार डॉलरच्या वर गेला. टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून लोक खूश होतात. मग घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास प्रॉपर्टी टॅक्स बघून गप्प होतात.

एक उदाहरण. ‘दहा’च्या शाळेतलं घर ७ लाख डॉलर, शेजारच्या गावातलं ‘सात’च्या शाळेतलं ५ लाख ८० हजार. फरक १ लाख २० हजार. साडेसहा टक्के व्याजाने ३० वर्षांच्या मॉर्गेजवर दर लाखामागे महिन्याला सुमारे ६३२ डॉलर पडतात, म्हणजे या फरकाचे ७५८. कर २ टक्के धरला तर आणखी २०० डॉलर महिना. एकूण ९५८. एवढ्या पैशात गणिताचा क्लास, पियानो, पोहणं आणि दर दीड-दोन वर्षांनी चौघांची भारतवारी बसते. तरीही दहावालं घर हवं असेल तर जरूर घ्या, पण हा आकडा कागदावर लिहून फ्रिजवर लावून मग घ्या.

तीन खड्डे दाखवून ठेवते. एक, कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे मालकाचा कर त्याने घर घेतलं त्या किमतीवर ठरतो आणि वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढतो. लिस्टिंगवर दिसणारा कर तीस वर्षांपूर्वी घर घेतलेल्या आजोबांचा असतो. तुमचा तुमच्या खरेदीच्या किमतीवर नव्याने लागेल. नव्या वस्त्यांत त्यावर ‘मेलो-रूस’ नावाचा जादा कर असतो तो वेगळा. दोन, टेक्सासमध्ये नव्या घराचा पहिल्या वर्षीचा कर कधी कधी नुसत्या मोकळ्या जमिनीवर लागलेला असतो. दुसऱ्या वर्षी पूर्ण घरावर लागतो, एस्क्रोमध्ये (हप्त्याबरोबर कराचे पैसे साठतात त्या खात्यात) तूट पडते आणि हप्ता एकदम चारपाचशे डॉलरने वर जातो. तीन, न्यू जर्सीत गावागावाचे कराचे दर एकमेकांशी ताडून बघण्यात वेळ घालवू नका, कारण करासाठी धरलेली किंमत आणि बाजारभाव यांचं प्रमाण प्रत्येक गावात वेगळं. मागच्या वर्षीचं प्रत्यक्ष बिल मागा.

पायरी ७ : विचारायचं कुणाला

एजंटला “इथली शाळा चांगली आहे का?” विचारलंत की तो हसून विषय बदलेल. त्याला माहीत नसतं असं नाही. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याखाली वंश, धर्म, मूळ देश यांवरून ग्राहकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं बेकायदेशीर आहे, आणि ‘चांगली शाळा’ हे शब्द त्यासाठी सांकेतिक म्हणून वापरले गेलेत. त्यामुळे शहाणा एजंट तोंड उघडत नाही. “इथे इंडियन किती आहेत?” हेही त्याला विचारू नका. ते तुमचं तुम्हाला शनिवारी सकाळी पटेल ब्रदर्स या आपल्या किराणा दुकानात कळेल.

त्याऐवजी दुपारी शाळा सुटायच्या वेळी जा. फुटपाथवर उभं राहून मुलं कशी बाहेर पडतात, शिक्षक त्यांच्याशी कसे बोलतात, पालक एकमेकांशी बोलतात की गाडीतच बसून राहतात, हे वीस मिनिटं बघा. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या आयांशी बोला. आपल्याकडच्या आजी-आजोबांना बरोबर न्या. बागेत अर्ध्या तासात ते जी माहिती काढतात ती कुठल्या पोर्टलवर नसते.

बोर्डाच्या बैठकांची व्हिडिओ रेकॉर्डिंग बहुतेक ठिकाणी ऑनलाइन असतात. कंटाळवाणी असतात, पण दोन तरी बघा. तिथे बजेटची कपात आणि हद्दीचे बदल कळतात. शाळा बंद होणारेत का, तेही. हा शेवटचा प्रश्न अतिशयोक्ती वाटत असेल तर कुपर्टिनो युनियन या डिस्ट्रिक्टकडे बघा. घरं इतकी महाग झाली की लहान मुलांची कुटुंबं तिथे येईनाशी झाली, पटसंख्या घसरली आणि २०२२ मध्ये काही प्राथमिक शाळा बंद कराव्या लागल्या. चांगल्या शाळेमुळे घर महाग, आणि महाग घरामुळे शाळेला कुलूप.

मुलाला विशेष मदतीची गरज असेल (बोलणं उशिरा आलं, वाचताना अडखळतं, ऑटिझम आहे) तर वरचे सगळे आकडे बाजूला ठेवा. कायद्याने डिस्ट्रिक्टला अशा मुलासाठी आयईपी नावाचा वैयक्तिक आराखडा करून मदत द्यावीच लागते, पण ती कशी मिळते यात जमीनअस्मानाचा फरक आहे. तिथल्या दोन-तीन आयांशी बोलल्याशिवाय घराला हात लावू नका.

बसचं विचारा. न्यू जर्सीत आठवीपर्यंतच्या मुलांना दोन मैलांपलीकडे आणि हायस्कूलला अडीच मैलांपलीकडे बस द्यावी लागते. कॅलिफोर्नियात बहुतेक ठिकाणी पिवळी बस दिसतच नाही. दोघं नोकरी करत असाल तर दुपारी अडीचला मूल कोण आणणार हे आधी ठरवा.

पायरी ८ : नाव नोंदवताना

बालवाडीचं वय : टेक्सास आणि कॅलिफोर्नियात १ सप्टेंबरला पाच पूर्ण हवीत. न्यू जर्सीत तारीख डिस्ट्रिक्ट ठरवतो, बहुतेक १ ऑक्टोबर.

लसींची वही भारतातून आणा. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी लसीकरणात नाही, त्यामुळे ती राहिलेली असण्याची शक्यता मोठी. टीबीची चाचणी मागितली तर रक्ताची करून घ्या. बीसीजी घेतलेल्या मुलांची हातावरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे काढत बसावं लागतं.

फॉर्मवर ‘घरी कोणती भाषा बोलता?’ असा प्रश्न असतो. तिथे ‘मराठी’ लिहिलंत की मुलाची इंग्रजीची छोटी चाचणी होते आणि गरज असेल तर ईएसएलची, म्हणजे इंग्रजी शिकायची जादा मदत मिळते. त्या भीतीने बरेच जण ‘इंग्लिश’ लिहून मोकळे होतात. खरं लिहा. मूल बोलतं असेल तर चाचणीत पास होतं, आणि बोलत नसेल तर मदत नाकारून आपण काय मिळवलं? मराठीचं म्हणाल, तर बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा बऱ्याच शहरांत शनिवार-रविवारी भरतात. घर बघताना ती किती मैलांवर आहे हेही नकाशात टाकून ठेवा. पाऊण तासाच्या पुढे असली तर दुसऱ्या वर्षी कुणी नेत नाही.

राहण्याचे पुरावे तीन-चार लागतात : क्लोजिंगचे (घराची खरेदी पूर्ण झाल्याचे) कागद किंवा भाडेकरार, वीज-गॅसची बिलं, बँकेचं पत्र. क्लोजिंग ऑगस्टमध्ये असेल तर सही झालेल्या खरेदीकरारावर नाव नोंदवून घेतात का, ते जूनमध्येच विचारा. काही डिस्ट्रिक्ट घेतात, काही चावी हातात आल्याशिवाय दारात उभं करत नाहीत. आणि विजेचं व गॅसचं बिल दोघांच्याही नावावर घ्या. आमच्याकडे सगळी बिलं नवऱ्याच्या नावावर होती, तो नेमका डॅलसला, आणि मी दोन मुलं घेऊन खिडकीशी तीनदा जाऊन आले.